शिरा आणि सही

प्रिय बाळ,



तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातला बहुतेक मजकूर ऑफिसातल्या सत्यनारायणाच्या शिऱ्यावर आहे. साहेबांनी द्रोण पुढे केला, तुला नको म्हणता आलं नाही, तू खाल्लास आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. शेवटी, सही करायच्या जरा आधी, एक ओळ आहे. रस्त्याच्या खडीचा थर न मोजताच तू एमबी, म्हणजे मोजमापवही, लिहिलीस, ठेकेदाराचं बिल अडलं होतं, सगळेच लिहितात. आणि लगेच पुढे माझ्या गुडघ्यांची चौकशी!

गुडघे बरे आहेत. आधी शिऱ्याचं बोलू, कारण ते लवकर संपेल.

इसवी सन ५५च्या सुमारास पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं, तेव्हा तिथेही हाच तंटा होता. बाजारातलं बरंचसं मांस देवळातल्या बळींचं असे. काहीजण म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, मग खायला काय हरकत? काहींच्या घशाखाली ते उतरत नसे. पौलाने पहिल्यांचं ज्ञान मान्य केलं आणि थांबवलंही त्यांनाच. तुमच्या खाण्याने दुर्बळ मनाच्या भावाला ठेच लागणार असेल तर खाऊ नका, म्हणाला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो आणखी एक सांगतो की, मनात शंका असताना खाऊ नये. आपल्या घरात यावर दोन मतं होतीच. तुझे आजोबा हात जोडून नको म्हणत. मी शेजारणीचा शिरा घेते, तिचं प्रेम म्हणून. त्यावरून आम्ही कधी एकमेकांना प्रभुभोजनापासून दूर लोटलं नाही. तुझं मन घेत नसेल तर पुढच्या वेळी नम्रपणे नको म्हण. साहेब रागावणार नाहीत, आणि रागावले तरी द्रोणावरून कुणाची बदली होत नाही.

मला घोर लागलाय तो त्या एका ओळीचा. एवढी टोचणारी तुझी सदसद्विवेकबुद्धी तिथे गप्प कशी राहिली?

मला वाटतं, यात निम्मा दोष आपल्या मंडळीचा आहे. आपण थोडे आहोत, म्हणून आपली ओळख सांभाळण्याची धास्ती फार. कोणी प्रसाद खाल्ला, कोण रविवारी उपासनेला दिसला नाही, कुणाच्या सुनेने कुंकू लावलं, याची चौकशी आपल्याकडे चोख होते. कुणाच्या पगारात बंगला कसा उभा राहिला, हे मंडळीत कोणी विचारत नाही. उलट त्यालाच वर्गणीसाठी पहिल्या बाकावर बसवतात. लहानपणापासून हेच पाहिलेल्या पोराचं मन ताटाला जपतं आणि सहीला विसरतं, यात नवल नाही. पण याला मी सदसद्विवेकबुद्धी म्हणणार नाही. ही मंडळीची भीती आहे, फक्त ती मनात शिरून बसली आहे. येशूने शास्त्री-परूशांना सुनावलं होतं ते याच कारणासाठी. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश ते काटेकोर देत, आणि न्याय, दया, विश्वासूपणा मात्र सोडून देत. दशांश देऊ नका असं त्याने सांगितलं नाही, हेही लक्षात ठेव. जड काय आणि हलकं काय, तेवढं त्यांना कळेनासं झालं होतं.

तू म्हणशील, एमबी लिहिताना मला काहीच टोचलं नाही. हो, तेच तर भयंकर आहे. ख्रिस्ताची साक्ष देणाऱ्या स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत शौल उभा होता आणि आपण देवाचीच सेवा करतोय अशी त्याची खात्री होती. त्याच शौलाने, पौल झाल्यावर, करिंथकरांना लिहिलं की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. तीमथ्याला लिहिताना तो डाग दिलेल्या मनाबद्दल बोलतो. डागलेल्या कातडीला चटका लागला तरी कळत नाही. 'सगळेच लिहितात' हे वाक्य रोज ऐकलं की तसा डाग पडत जातो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. मार्टिन ल्यूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात गेला तेव्हा तासन्‌तास पापकबुली देत बसे, बारीकसारीक उकरून काढी. त्याचे वरिष्ठ स्टाउपिट्झ शेवटी कंटाळून म्हणाले, काही खरं पाप घेऊन ये. रात्र रात्र तळमळण्याने मन निर्मळ होत नाही. योहानाने लिहून ठेवलंय की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनाहून थोर आहे. शिऱ्यासाठी एवढं पुरे.

हा तोल कसा साधावा ते पाहायला पंडिता रमाबाईंचं चरित्र तुझ्या कपाटात आहे, पुन्हा काढ. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या जोगिणींना त्यात जातीचा अभिमान दिसला. बाई बधल्या नाहीत. धर्माचं जे शिकवलं जाई तेही बायबलशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारत नसत. पुढे १८८९ साली शारदा सदन काढलं तेव्हा तिथल्या ब्राह्मण मुलींना त्यांचे आचार पाळण्याची त्यांनी मोकळीक दिली. अन्नाच्या बाबतीत असं स्वतःला आणि दुसऱ्यालाही मोकळं ठेवणाऱ्या या बाईंनी १८९७च्या प्लेगमध्ये काय केलं? पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची कशी विटंबना होते, हे 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड लिहिलं. मदत करणारे बहुतेक हात इंग्लंड-अमेरिकेतले, राज्य इंग्रजांचं. गप्प बसणं सोयीचं होतं. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. कुठे सैल राहावं आणि कुठे ताठ, हे त्यांना उमगलं होतं. ते शास्त्र वाचून, वाद घालून, प्रार्थना करून कमावलेलं होतं. पौलही रोमी सुभेदार फेलिक्ससमोर म्हणाला होता की देवासमोर आणि माणसांसमोर मन शुद्ध राखण्यासाठी मी सतत झटतो.

आता तुझा रस्ता. तुझ्या आतोबांनी आयुष्यभर बांधकाम खात्यात एमबी लिहिल्या, म्हणून मला थोडं कळतं. खडीचा थर डांबराखाली गेला की मोजणं अवघड होतं. म्हणूनच तर आधी मोजून लिहायचा नियम आहे. आणि जाडी कमी भरली तर पहिल्या पावसात तो रस्ता उखडणार, त्यावरून दवाखान्यात जाणारी बाळंतीण खड्ड्यांतून हेलकावत जाणार. शेजाऱ्यावर प्रीती करायची ती इथे. तुझ्या शिऱ्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

जकातदार जक्कयाच्या गोष्टीत तो रडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ज्यांचं फसवून घेतलं त्यांना चौपट परत देतो, असं तो म्हणाला. तुलाही रडायची गरज नाही. तू पाठवलंस ते चालू बिल आहे, अंतिम बिल अजून जायचं आहे. चालू बिलातलं मोजमाप पुढच्या बिलात दुरुस्त करता येतं. तुझ्याच पत्रावरून दिसतं की अर्ध्या लांबीवर डांबर पडलेलं नाही. उद्या सकाळी टेप घेऊन जा, तिथे खड्डे घेऊन जाडी मोज, डांबराखालच्या भागाचं काय करायचं ते उपअभियंत्यांना लेखी विचार, आणि निघेल तो आकडा लिही. ठेकेदार चिडेल. साहेबही चिडतील, आणि या वेळी बदली होऊही शकते. झाली तर सामान बांधायला मी येते.

मोजून झालं की मला फोन कर.

तुझी,
आत्या