निवेदकाची जागा

देवाधर्माविषयी लिहिणाऱ्या कवी-कादंबरीकाराला आधी ठरवावे लागते ते निवेदकाला कुठे उभे करायचे. लेखकाची स्वतःची श्रद्धा-अश्रद्धा त्यानंतर येते.

अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’त (१९७६) निवेदकाला यात्रेकरूंच्या बसमध्ये बसवले. हा संग्रह इंग्रजी. मराठी ‘जेजुरी’ त्यांच्या मृत्यूनंतर आली. बसमधला हा माणूस भंडारा उधळत नाही आणि उधळणाऱ्याला हसतही नाही. दिसते तेवढे सांगतो: पडक्या देवळात पिल्ले घेऊन पसरलेली कुत्री, बिजागरीवर लटकणारे दार, त्यावर वाळत टाकलेली चड्डी. एका छोट्या कवितेत मनोहर नावाचा एकजण उघडे दार पाहून, आणखी एक देऊळ असेल म्हणून आत डोकावतो. समोर डोळे विस्फारलेले वासरू! तो चटकन मागे वळतो आणि हा नुसता गोठा असल्याचे सांगतो. कविता तिथेच संपते. गोठ्यालाच देऊळ ठरवले असते तर ती भाविक झाली असती. देवळाला गोठा म्हटले असते तर तिचा निबंध झाला असता. दोन्ही मोह आवरणे सोपे नाही, भलेभले घसरतात.

हा निवेदक मुंबईहून सुट्टीला आलेल्या पर्यटकासारखा आहे, असा आक्षेप भालचंद्र नेमाडे यांनी घेतला. त्यात तथ्य आहे. पण पुरते नाही. त्याच संग्रहात वाघ्या आणि मुरळीची गाणी आहेत, आणि तिथे बोलणारा पाहुणा नाही. कोलटकरांच्याच ‘चिरीमिरी’ या मराठी संग्रहात (२००३) हे अंतर आणखी कमी होते. त्यातल्या बळवंतबुवा नावाच्या पात्राबरोबर वेश्या पंढरपूरला निघतात. भक्ती आणि चावटपणा एकाच जिभेवर नांदतात.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ या कादंबरीपुढे (१९६५) उलटी अडचण होती. इथला निवेदक गावचाच, बऱ्याच वर्षांनी कोकणात परतलेला मुसलमान. गाव पेटते ते स्त्री-पुरुष संबंध, जात आणि जुन्या हेव्यादाव्यांतून. धर्माचे नाव मागाहून चिकटते. दलवाईंनी १९६६मध्ये मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. व्यासपीठावर ते आडपडदा ठेवत नसत. कादंबरीतल्या निवेदकाला मात्र त्यांनी सुधारकाचे भाषण दिले नाही. तो घरच्या आणि शेजारच्या माणसांत गुंतत जातो आणि त्यांच्यापैकी कुणालाही तो आवरू शकत नाही.