शेशानाची लेक

बायबलच्या जुन्या करारातील 'पहिला इतिहास' हा ग्रंथ आम्ही आजवर दोनदा उघडला होता आणि दोन्ही वेळा दुसऱ्या अध्यायाच्या आतच मिटला होता. त्याचे पहिले नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ निव्वळ नामावळी. आदामापासून आरंभ, मग अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. आमच्यासारख्या गोष्टीवेल्हाळ वाचकाने तेथे काय शोधावे? तिसऱ्यांदा तो उघडला, त्याला मात्र एक घरगुती निमित्त झाले.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती. माहिती भरण्याचा छापील तक्ता घरी आला आणि त्यासोबत जुन्या आवृत्तीतील वंशावळीची प्रत. आम्हांला दोन मुली. आमच्या नावाखालची रेघ तेथेच थांबली होती. त्याचे आम्हांला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते पणजोबांच्या नावापुढील कंसातल्या एका अक्षराचे : 'द.' म्हणजे दत्तक. बाहेरून आणलेल्या मुलासाठी वंशाची रेघ वळवता येते, घरात जन्मलेल्या मुलीसाठी ती पुढे ओढता येत नाही, हे त्या एका अक्षराने आम्हांला दाखवले. तक्ता कितीतरी दिवस टेबलावर तसाच पडून राहिला. वंशावळ ही चीज इतरांनी कशी लिहिली ते पाहावे, या जिज्ञासेने त्याच दिवसांत पुन्हा 'पहिला इतिहास' हाती घेतला आणि दुसऱ्या अध्यायाच्या उत्तरार्धात शेशान भेटला.

शेशान हा यहूदाच्या वंशातला. हेस्रोनाचा ज्येष्ठ पुत्र यरहमेल. यरहमेलापासून मोजले तर शेशान सातवा. त्याच्या नावावर ना पराक्रम, ना पाप. त्याच्या आसपासच्या ओळींत मात्र दोन माणसे मरतात. एक त्याचा चुलत आजोबा सलेद, दुसरा त्याच शाखेतला येथेर. दोघांच्याही मृत्यूची नोंद एकाच साच्यातली आहे : मेला, पुत्र नाहीत. संपले. त्यानंतर शेशानाची पाळी येते. त्यालाही पुत्र नाहीत. शब्दही तेच. पण येथे लेखणी थांबत नाही. 'पण' म्हणून ती पुढे सरकते आणि त्याला मुली होत्या असे सांगते. सलेदाला किंवा येथेराला मुली होत्या की नव्हत्या, हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्यांच्या वाट्याला हा 'पण' आला नाही.

पुढची हकीकत दोन-तीन ओळींची. शेशानाचा यरहा नावाचा एक मिसरी दास होता. शेशानाने आपली मुलगी त्याला दिली, आणि तिला अत्तय झाला. मग अत्तयाचा नाथान, नाथानाचा जाबाद, जाबादाचा एफलाल, एफलालाचा ओबेद, अशी अत्तय धरून तेरा नावे येतात आणि शेवटी अलीशामापाशी ओघ थांबतो. ज्या मिसर देशाच्या दास्यातून सुटका झाली ही या समाजाची मूळ स्मृती, त्याच देशाचा एक दास येथे यहूदाच्या एका शाखेचा मूळपुरुष होऊन बसला आहे.

हे वाचून आम्हांला प्रथम आनंद झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलींच्या बापाला आपला कैवारी सापडला असे वाटले. पण साहित्याचे वाचन करणाऱ्याने पहिल्या आनंदावर विसंबू नये. शेशानाने दास का निवडला? भाऊबंदांतला एखादा तरुण जावई केला असता, तर नातू त्या तरुणाच्या बापाच्या नावाने गणला गेला असता. दासाला स्वतःचे घराणे नसते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात हिब्रू दासाविषयी जो नियम आहे, त्यानुसार धन्याने त्याला बायको करून दिली तर ती बायको आणि तिची मुले धन्याचीच राहतात. मिसरी दासाला याहून अधिक काही मिळाले असेल असे मानण्याचे कारण नाही. म्हणजे आपल्याकडच्या घरजावयाला निदान माघारी जायला एक घर असते. यरह्याला तेही नव्हते. आपल्या धर्मशास्त्रातही 'पुत्रिका' आहेच. चित्रांगदेचा बभ्रुवाहन अर्जुनाचा असूनही मणिपूरच्या आजोबांचा वारस झाला. हिशेब सगळीकडे सारखाच. शेशानाचे औदार्य आम्ही जितके तपासत गेलो, तितके ते व्यवहाराच्या जवळ जाऊ लागले.

आणि त्या व्यवहारात मुलगी कोठे आहे? दासाचे नाव आहे, नातवाचे आहे, नातवाच्या पुढील बारा पिढ्यांची आहेत. जिच्यामुळे हे सारे घडले तिचे नाव तेवढे त्या ओळीत नाही. गणनाच्या ग्रंथात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाचा वारसा मागतात आणि महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा अशी त्यांची नावे ग्रंथात एकाहून अधिक वेळा नोंदली जातात. मागणाऱ्यांची नावे राहिली. दिली गेलेलीचे राहिले नाही. नाही म्हणायला, तीनच ओळी आधी शेशानाचे अपत्य म्हणून 'अहलय' असे एक नाव येते. पुत्र नसलेल्याला हे अपत्य कोठून, हे कोडे सोडवताना काही अभ्यासक म्हणतात की अहलय हीच ती मुलगी. पुढे अकराव्या अध्यायात दाविदाच्या वीरांमध्ये एक 'अहलयाचा जाबाद' आहे, आणि अत्तयाचा नातूही जाबादच. तो आपल्या पणजीच्या नावाने ओळखला गेला असेल काय? तर्क मोहक आहे. पण तो तर्कच.

ग्रंथ कोणत्या काळी लिहिला गेला, हे पाहिले की या नोंदीचे वजन वाढते. बहुतेक अभ्यासक तो इराणी अमलातला, सुमारे इ. स. पूर्व चौथ्या शतकातला मानतात. बाबेलच्या बंदिवासातून माणसे परतली होती आणि वंशावळ हा जगण्यामरण्याचा कागद झाला होता. ज्यांना आपली नोंद सापडली नाही त्यांना याजकपदावरून दूर केल्याचे एज्राच्या ग्रंथात आहे. त्याच ग्रंथाचा शेवट परजातीय बायका केलेल्या पुरुषांच्या यादीने होतो. त्या बायकांना मुलांसह घालवून देण्याचा निर्णय झाला होता. अशा त्या युगात 'इतिहास'कार खुद्द यहूदाच्या वंशात मिसरी दासाचे नाव ठेवतो. ते गाळणे किती सोपे होते! शेशानाच्या पुढे थेट अत्तय लिहिले असते तर कोणाला कळले असते? आमच्या 'द.' सारखे एक अक्षर घालूनही भागले असते. त्याने पुरे नाव लिहिले, देश लिहिला, दास्यही लिहिले.

हिब्रूचे आमचे ज्ञान कोशापुरतेच आहे. तरी त्या कोशात दोन गोष्टी दिसल्या. शेशानाने मुलगी 'दिली', त्या क्रियापदाचा जो धातू, त्याच धातूपासून नाथान हे नाव येते. आणि 'दास' या शब्दाचा जो धातू, तोच ओबेद या नावात आहे. दोन्ही नावे त्या समाजात सर्रास आढळणारी. रूथच्या मुलाचे नावही ओबेदच. तेव्हा यात लेखकाचा हेतू शोधणे बरे नव्हे. पण त्या घरात पाचव्या पिढीला पोराला 'ओबेद' अशी हाक मारताना कोणाला यरह्याची आठवण झाली नसेल, असे मात्र आम्हांला वाटत नाही.

असो. तक्त्याकडे वळू. भरण्यापूर्वी आम्ही आमच्या वृद्ध आत्याबाईंना विचारले, पणजोबांना दत्तक का घेतले होते? त्या सहज म्हणाल्या, "अरे, त्या घरी दोघी मुलीच होत्या ना!" त्यांची नावे? ती आत्याबाईंना ठाऊक नव्हती, आणि आता ती ठाऊक असणारे कोणी उरलेले नाही.

'पुत्र' या सदरात आम्ही लिहिले : नाहीत, पण कन्या आहेत. खाली दोघींची नावे लिहिली, त्यांच्या मुलांची लिहिली. मग वंशावळीच्या प्रतीवर, पणजोबांना दत्तक घेणाऱ्या पुरुषाच्या नावाखाली, 'द.'च्या रेघेशेजारी आणखी दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्या टोकांशी जागा मोकळी ठेवून कागद पाठवून दिला.