झिंग्यांची पुरचुंडी

मागच्या दिवाळीत लेक पुण्याहून आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक काचेची बाटली होती. आत कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी. म्हणाली, "आई, हा फिश सॉस. तू तुझी वांग्याची भाजी कर, त्यात अर्धा चमचा टाकून बघू." तिनं झाकण उघडलं आणि माझा हात आपोआप स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेला. मी खिडकी लावून घेतली.

"अगं, वास आला तर खिडकी उघडतात. तू लावतेस काय?" ती हसायला लागली.

तिला काय सांगणार? नागपुरात येऊन मला तीसेक वर्षं झाली. मासळीचा वास आला की मी आधी खिडकी लावते.

माझं माहेर साकोलीच्या पुढं, तलावाच्या काठावरचं. त्या वेळी तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. आमच्या झाडीपट्टीत तलाव मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले, पुढं मालगुजारांच्या हाती गेले, म्हणून आजही लोक त्यांना मालगुजारी तलावच म्हणतात. तलावाच्या पाण्यावर धान कोणाचं पिकायचं ते सांगायला नको. पाण्यातली मासोळी मात्र आम्हा ढिवरांची. बाबा जाळं घेऊन पहाटे निघायचे. मरळ, कतला असं मोठं काही लागलं की ते बाजारात जायचं. घरी उरायचे ते झिंगे.

उन्हाळ्यात तलाव आटत आला की झिंगे पाटीनं निघायचे. माय अंगण शेणानं सारवून त्यावर ते पसरायची. दोन-तीन दिवसांच्या उन्हात झिंगे कागदासारखे हलके व्हायचे. कावळे हाकलायचं काम माझं. वाळलेले झिंगे मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून माय ते उतरंडीला ठेवायची. पावसाळ्यात भाजीची टंचाई असायची, तेव्हा हे मडकं उतरायचं.

मायची रीत अशी. आधी तव्यावर कोरडेच भाजायचे, करपू द्यायचे नाहीत. हातावर चोळून सुपात पाखडले की मिशा आणि टरफलं उडून जायची. अर्धे अख्खे वांग्यात पडायचे. उरलेले मिठासोबत पाट्यावर वाटून त्याची भुकटी व्हायची. ही भुकटी कशातही जायची. अंबाडीच्या भाजीत, लाखोळीच्या वरणात, नुसत्या टमाटरच्या रश्शात. चिमूटभर टाकली की पाण्यासारखा रस्सा घट्ट लागायचा. घरात तेल नसायचं, मसाला नसायचा, तरी भात संपायचा. "भाजीले जीव येते," माय म्हणायची.

शाळेत मात्र मागं कोणी बसायला तयार नसायचं. अंगाला वास येतो म्हणायचे. मला तो कधी आला नाही. आपल्या घराचा वास आपल्याला येत नसतो.

लग्न होऊन, नोकरी लागून मी नागपुरात आले. भाड्याची खोली मिळवताना आडनाव विचारायचे, मग जात, मग "मांस-मच्छी बनत नाही ना?" आम्ही नाही म्हणायचो. हे म्हणायचे, "बाहेर खाऊ." बाहेर सावजीचं मटण मिळायचं, झिंगे-वांगे कोण देणार? असं ते सुटलं.

लेक पोटात असताना माय आली. शंभर किलोमीटर एसटीनं, पायाशी धानाची चुंगडी आणि मांडीवर फडक्यात बांधलेली पुरचुंडी. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिनं तवा ठेवला होता. त्या वासानं मला जाग आली. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी पोटात धस्स झालं. पाच मिनिटांत वरून घरमालकीण उतरल्या. पदर नाकाला. "मॅडम, हे काय? वर आमचं देवघर आहे."

दारात उभी राहून मी म्हणाले, "गावाकडची माणसं आहेत हो. त्यांना कळत नाही."

माय माझ्या मागंच उभी होती, हातात सराटा.

ती काहीच बोलली नाही. तवा खाली उतरवला. भाजलेले झिंगे थंड झाल्यावर पुन्हा त्याच फडक्यात बांधले आणि पुरचुंडी आपल्या पिशवीच्या तळाशी ठेवली. दुपारी वांग्याची साधी भाजी झाली. जेवताना एवढंच म्हणाली, "मले का मालूम बाई, शहरात वास येते म्हून."

त्यानंतर माय बरीच वर्षं येत राहिली. पोहे आणायची, लाखोळीची डाळ आणायची, मोहफुलं आणायची. झिंगे पुन्हा कधी आणले नाहीत. मीही कधी "आण" म्हटलं नाही. पुढं आम्ही मानेवाड्याकडे स्वतःचा फ्लॅट घेतला. तिथं विचारणारं कोणी नव्हतं, तरी खिडकी लावायची सवय राहिली. माय गेली, मडकं कुठं गेलं ते भावालाही आठवत नाही.

तर ती बाटली. लेकीनं मला समजावलं. व्हिएतनाम, थायलंड या देशांत समुद्रातले बारीक मासे, आपल्या मांदेलीच्या कुळातले, मिठात घालून लाकडी पिंपात वर्षभर ठेवतात. मिठामुळं मासा सडत नाही, पण आतल्या आत विरघळत जातो, आणि खाली निथळतं ते हे पाणी. जुने रोमन लोकही असंच काही करत, त्याला गारूम म्हणायचे. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला? मणिपूरचे लोक नगारी खातात, त्रिपुराचे शिदल, कोकणात जवळा आणि सोडे. जिथं मासोळी एका मोसमात ढिगानं मिळते आणि बाकीच्या दिवसांत मिळत नाही, तिथल्या बायकांनी मीठ आणि ऊन यांतून वाट काढलीच आहे.

चवीचंही तिनं सांगितलं. इकेदा नावाच्या एका जपानी शास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. माशातलं प्रथिन तुटलं की तेच सुटं होतं. टमाटरमध्येही असतं. मला एकदम टमाटरच्या रश्शात झिंग्याची भुकटी टाकणारी माय दिसली. "भाजीले जीव येते" म्हणजे हेच की.

भाजी मीच केली. कांदा परतला, लसूण-मिरचीचा ठेचा, टमाटर, मग वांगी. मीठ टाकलं नाही, कारण त्या पाण्यातच मिठाचा डोंगर. टमाटर गळल्यावर अर्धा चमचा ओतलं. चर्र झालं, भपकारा आला, आणि दोनेक मिनिटांत वास गेलासुद्धा. मी हुंगत राहिले. वरून सांभार टाकला. हे जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि थांबले. "हे कशात खाल्लंय मी?"

त्यांनी मायच्या हातचं खाल्लं होतं माहेरी, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात.

चव जवळची होती. पण तीच नव्हती. भाजल्याचा धूर नव्हता, दाताखाली कुरकुरणारं काही नव्हतं. खारट आणि गोडसर यांच्या मधलं जे असतं, तेवढं मात्र होतं.

लेक म्हणाली, "आजी असं करायची? मग तू कधीच का नाही केलंस?"

मग मी सांगितलं. शाळा, घरमालकीण, पुरचुंडी, ते दारातलं वाक्य. तिला घरमालकिणीचा राग आला. मला वाटलं होतं तसंच. मी म्हटलं, "तिचा राग कर, पण ते वाक्य तिनं नाही म्हटलं, मी म्हटलं." ती गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या रूमवर ही बाटली फ्रिजमध्ये असते. कोणी नाक मुरडत नाही. वर इंग्रजीत लिहिलंय ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही भोईपुऱ्यात गेलो. सुकी मासोळी घेऊन बसलेल्या बाईसमोर मी उकिडवी बसले, मूठभर झिंगे उचलून हुंगले. जुने असले की तिखट नवसागरासारखा वास येतो, चांगले असले की वाळल्या गवतासारखा. हात विसरला नव्हता. बाईनं माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या गावच्या जी?" मी गावाचं नाव सांगितलं. तिनं वजनावर एक मूठ जास्त टाकली.

आता फळीवर दोन्ही असतं. घाईच्या दिवशी बाटली, रविवारी झिंगे. शाकाहारी पाहुणे असले तर दोन्ही नाही, आणि बाटली वापरली असेल तर जेवणाऱ्याला आधी सांगायचं, हा नेम. वास गेला म्हणून मासा गेला असं होत नाही.

परवा रविवारी झिंगे भाजत होते. बेल वाजली. शेजारच्या काकू. "काय भाजताय हो? सगळ्या जिन्यात येतोय."

"झिंगे," मी म्हटलं. "माझ्या माहेरचं आहे. माझी माय करायची."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि आपलं दार लावून घेतलं. त्यांना राग आला की नाही, मला कळलं नाही. मी आत येऊन आच कमी केली, झिंगे हलवले. खिडकी उघडीच होती.