डिझेल कुठे जात होतं?



आज पिकाचं काही नाही, गाडीचं आहे. पण नोंद शेताच्याच वहीतली आहे, आणि चूक माझी आहे. म्हणून इथे लिहितो.

आमची गाडी टर्बो डिझेल, सात सीटची, सेकंडहँड घेतलेली. मागची सीट पाडली की खतं, औषधं, ड्रिपचं सामान सगळं मावतं. टोमॅटोचा माल पिकअपने पिंपळगावला जातो आणि धाकटा भाऊ ही गाडी घेऊन मागोमाग जातो. घर ते मार्केट सात किलोमीटर. तिथे रांगेत उभं राहायचं, एसी लावून, इंजिन चालू. मग परत सात किलोमीटर.

ट्रॅक्टरचं लिहितो तसं या गाडीचं डिझेलही मी वहीत लिहितो. घेतली तेव्हा लिटरला १३ किलोमीटर द्यायची. पुढे १२ झालं, मग ११, आणि आषाढात १०.४. महिन्याला गाडी साधारण १३०० किलोमीटर फिरते. म्हणजे १०० लिटरच्या जागी १२५ लिटर. २५ लिटर डिझेल जातं कुठे?

डोक्यात नको तो विचार आला. एक दिवस जेवताना भावाला विचारलं, "गाडीतलं डिझेल कुठे जातं रे?" विचारण्याची पद्धतच वाईट होती. त्याने हातातला घास ताटात ठेवला. "दादा, टाकीला कुलूप लाव," एवढंच बोलून उठला. दुसऱ्या दिवसापासून तो मार्केटला मोटारसायकलवर जायला लागला. गाडीची किल्ली खिळ्याला तशीच लटकलेली. पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं.

श्रावणात आईला सप्तशृंगी गडावर न्यायचं होतं. गाडी मीच चालवत होतो. नांदुरीपर्यंत सपाट रस्ता, काही जाणवलं नाही. वर चढायला लागलो आणि गाडीने मान टाकली. पुढे एक भरलेला टेम्पो होता. त्याला ओलांडायला बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला, पण जोर येईना. वरून एसटी येत होती. कशीबशी परत टेम्पोच्या मागे घातली. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. आई काही बोलली नाही, पुढची दांडी घट्ट धरून बसली.

तिथेच मला आठवलं. चैत्रात भाऊ म्हणाला होता, "दादा, गाडी दम टाकतेय." मी म्हणालो होतो, "गिअर नीट टाकत जा."

खाली आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. "टर्बो गेला, इंजिनपण खोलावं लागेल, ७०-८० हजार धरून चाला," असं उभ्या उभ्या सांगितलं. आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पाना उचलला नाही, प्रश्न विचारले. रोज किती चालते? रांगेत इंजिन बंद करता का? ऑइल कधी बदललं? मग टर्बोचा पाइप काढून आतलं पातं हाताने हलवून पाहिलं, कॉम्प्रेशन तपासलं. दोन्ही ठीक. शेवटी इनटेक मॅनिफोल्डचं तोंड उघडलं आणि टॉर्च मारून मला म्हणाले, "बघा."

जिथे दोन बोटं आरामात जायला हवीत, तिथे करंगळी जेमतेम जात होती. आत डांबरासारखा काळा, चिकट थर. टर्बो बिचारा हवा ढकलत होता, पण वाट अर्धीअधिक बुजलेली.

हे होतं कसं, ते त्यांनी सांगितलं आणि मला ड्रिपच्या लॅटरलवरून लगेच समजलं. पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत पेट्रोल हवेबरोबर इनटेक व्हॉल्व्हवरूनच आत जायचं. त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जायचा. डिझेल इंजिनात, आणि आताच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. व्हॉल्व्हच्या पाठीवरून जाते फक्त हवा. म्हणून टाकीत ओतायची क्लीनरची बाटली या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही.

आणि ती हवाही नुसती नसते. प्रदूषण कमी व्हावं म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह थोडा जळका धूर परत आत सोडतो. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी बनतात. दुसरीकडून, इंजिनच्या ब्रीदर पाइपातून ऑइलची वाफ येते. काजळी कोरडी, ऑइल चिकट. दोन्ही एकत्र आले की लेप बसतो. इंजिन नीट तापलं नाही, कमी आरपीएमवर तासन्‌तास उभं राहिलं, की लेप भराभर वाढतो. आमच्या ईजीआर व्हॉल्व्हमध्येच कार्बन अडकून तो पूर्ण मिटत नव्हता. म्हणजे हवा कमी, धूर जास्त, डिझेल अर्धवट जळतंय.

मी तिथूनच भावाला फोन केला, "ये, बघायला ये."

तो आला. मिस्त्रींच्या समोरच म्हणालो, "डिझेल इथे जात होतं. मी तुझ्यावर संशय घेतला. चुकलो." त्याने वाकून त्या भोकात करंगळी घालून पाहिली. म्हणाला, "मी चैत्रातच सांगितलं होतं दादा." मग टॉर्च हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत धरून उभा राहिला.

साफसफाई कशी केली ते लिहितो, कारण घाईत केली तर इंजिन जातं. आधी बॅटरी सोडली. हाय प्रेशरचे डिझेल पाइप काढले तेव्हा त्यांची तोंडं लगेच बंद केली, धुळीचा कणही इंजेक्टरला पुरतो. (इंजिन चालू असताना हे पाइप कधीही ढिले करू नका. आपल्या एचटीपी पंपाचं प्रेशर तीस-चाळीस किलो, इथे हजाराच्या वर असतं. बारीक धार कातडीत शिरते.) मॅनिफोल्ड आणि ईजीआर काढून वेगळे धुतले. मग क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, म्हणजे ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह बंद. बाकीच्या पोर्टमध्ये कापडं घातली, ती मोजून घातली आणि मोजूनच काढली. बंद पोर्टमध्ये कार्बन क्लीनर ओतून भिजत ठेवलं, बांबूच्या पट्टीने आणि नायलॉन ब्रशने खरवडलं, व्हॅक्युमने ओढून घेतलं, पुसलं, परत तेच. चार सिलिंडर, आठ इनटेक व्हॉल्व्ह, दिवस गेला. जोडताना गॅस्केट नवीन.

मोठ्या शहरांत हेच काम अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून करतात. टरफल कार्बन काढतं पण धातूला ओरखडा पाडत नाही. तिथेही व्हॉल्व्ह बंद असलाच पाहिजे.

चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपात स्प्रे मारून "दहा मिनिटांत साफ" करणारे भेटतील. मिस्त्रींनी हात जोडून नको म्हटलं. तो स्प्रे स्वतःच जळतो, आणि डिझेल इंजिनला हवेतून इंधन मिळालं की ते किल्लीला जुमानत नाही. सुटलेला कार्बनचा तुकडा व्हॉल्व्हखाली अडकला तर वेगळाच खर्च. शेजाऱ्यांनी "ईजीआरच बंद करून टाक" असाही सल्ला दिला. तेही केलं नाही. तो धूर शेवटी आपल्याच पोरांच्या नाकात जाणार, आणि कायद्यातही बसत नाही.

खर्च आला ९,२०० रुपये, गॅस्केट, ऑइल आणि फिल्टर धरून. नंतरच्या तीन टाक्यांची सरासरी १२.६. पूर्वीचे १३ आले नाहीत. गाडीचं वयही झालंय.

आता रांगेत इंजिन बंद ठेवतो. आमच्या रस्त्यांना धूळ, म्हणून एअर फिल्टर लवकर बघतो. ऑइल ठरल्या ग्रेडचं, वेळेवर, आणि खुणेच्या वर नाही. आठवड्यातून एकदा इंजिन तापल्यावर हायवेला अर्धा तास, दोन-अडीच हजार आरपीएमवर. याने आधीचा थर निघत नाही, नवा हळू बसतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. लॅटरल चोकअप होते तेव्हा पंपावरचं प्रेशर ठीक दिसतं, आणि शेवटचं झाड सुकतं. बागेत मी त्या झाडाकडे बघतो, आधी त्यालाच दोष देत नाही. घरात तेवढं सुचलं नाही. वहीतला आकडा खरा होता, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. जो रोज गाडी चालवत होता, त्याने आधीच सांगितलं होतं.

आता वहीत ॲव्हरेजच्या शेजारी एक रकाना वाढवलाय. 'चालवणारा काय म्हणतो'. तो भाऊ भरतो.