उघडी भुई

खान्देशातल्या कापूसवाल्याला हरळी दिसली की धडकी भरते. नांगरटीनंतर तिच्या काशा वेचून बांधावर टाकायच्या, उन्हात वाळवायच्या, तरी एखादी राहतेच आणि पावसात पसरते. जळगाव-धुळ्याच्या अंगणांत मी हिरवळ लावतो ती याच हरळीची. जो चिवटपणा शेतात नडतो, त्याच्यावरच माझं सगळं काम उभं आहे.

हे मला नीट कळलं धुळ्यातल्या एका अंगणात. मे महिन्यात त्या घरी लग्न होतं. मांडव नीट बसावा म्हणून मी हिरवळ मातीलगत कापली. काळी माती उघडी पडली, तापली, भेगाळली. मृगाच्या सरी आल्या आणि पंधरा दिवसांत तिथे गाजरगवत आणि लव्हाळा माजला. निंदायला आलेल्या मावशी खुरपं टेकवून म्हणाल्या, "भाऊ, भुई उघडी ठेवली, की तिच्यावर कोणीतरी येणारच."

गाजरगवताचं बी बारीक. उजेड आणि मोकळी जागा मिळाली की ते उगवतं. दाट हरळीखाली त्याला दोन्ही मिळत नाहीत. लव्हाळ्याची तऱ्हा वेगळी. तो वरून उपटला तर जमिनीतली गाठ पुन्हा फुटते, म्हणून खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा.

तेव्हापासून उन्हाळ्यात हिरवळ दीड-दोन इंच राखतो आणि एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापत नाही. रोजच्या शिडकाव्याने वरचा थर ओला राहतो आणि तणाचं बी रुजतं. म्हणून दोन-तीन दिवसांआड, पण पोटभर पाणी देतो. शेणखत पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलंच घालतो, कारण कच्च्या खतातून तण येतं. पायांनी दबलेली जागा पावसाआधी काट्याने भोसकून वाळू भरतो. निंबाखाली मात्र हट्ट धरत नाही. हरळीला ऊन लागतं, तिथे पाचोळा पसरून भुई झाकतो.

त्या अंगणातलं तण काढल्यावर उघड्या जागांसाठी काशा हव्या होत्या. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या बांधावर ढीग पडला होता. विचारलं तर म्हणाला, "न्या, सगळ्याच न्या." दोन पोती आणली, वीतभर अंतरावर लावली.

पोळ्याच्या दिवशी चवड्यावर बसून त्या हिरवळीत बोटं खुपसली. माती बोटांना लागली, डोळ्यांना दिसली नाही.