शर्यतीचा प्रेक्षक

आम्ही मूळचे चुडाव्याचे. लहानपणीं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेंतील घोड्यांचा बाजार आम्हीं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला. त्यामुळें गर्दीचा त्रास आम्हांस ठाऊकच नव्हता. पुढें मुंबईस महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान पाहिलें. १८८३ सालीं सुरू झालेल्या त्या मैदानाचा फेरा सुमारें २,४०० मीटरांचा. पलीकडच्या वळणावर घोडे केवळ ठिपक्यांएवढे दिसतात. म्हणूनच तेथें प्रेक्षकांसाठीं पायऱ्यापायऱ्यांचा उंच सज्जा आहे, वर छप्पर आहे, आणि शर्यतीपूर्वीं घोडे जवळून न्याहाळतां यावे म्हणून त्यांना फिरविण्याचें वेगळें रिंगणहि आहे.

गेल्या हिवाळ्यांत एका जत्रेंतील घोड्यांच्या शर्यतीस आम्ही आईला घेऊन गेलों. सावली नव्हती, पाणी नव्हतें, बसावयास जागा नव्हती. आम्ही रेटारेटी करून पुढें गेलों. आई मागेंच राहिली. परततांना ती एवढेंच म्हणाली, “घोडे ऐकले रे, पाहिले नाहींत.”

हा दोष आधीं आमचा, मग व्यवस्थापकांचा. महालक्ष्मीचा थाट खेड्यांत नको. परंतु मातीचा उंच बांध, धांवेच्या कडेनें बळकट दोर, एक मांडव, चार रांजण, आणि वृद्धांसाठीं व लेकुरवाळ्यांसाठीं राखलेली पुढची जागा, एवढें तर वर्गणींतून होण्याजोगें आहे. दोरानें घोड्यांचा मार्ग मोकळा राहील आणि माणसेंहि टापांखालीं येणार नाहींत. ज्याला वडिलांचा खांदा नाहीं, त्याला तो देणें हेंच यजमानाचें काम, असें आम्हांस वाटतें.