फुकटचा सर्व्हर आणि आपल्या ठेवी

मंडळी, सप्टेंबर आला की गावोगावच्या पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू होतात. अहवाल वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' होतं, चहा-वडा खाऊन लोक घरी. यंदा आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या विषयपत्रिकेवर वेगळाच विषय आलाय: नवा सर्व्हर आणि त्यावर विकतची ऑपरेटिंग सिस्टीम. कारण काय, तर "सध्याची प्रणाली मोफत असल्याने असुरक्षित." संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही.

ही 'मोफत प्रणाली' म्हणजे सेंटओएस ७. तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

रेड हॅट ही अमेरिकन कंपनी लिनक्सवर आधारलेली सिस्टीम वर्गणी घेऊन देते. पैसे असतात ते देखभालीचे, अडचणीला फोन उचलण्याचे. कोड मात्र खुला. तोच कोड घेऊन काही स्वयंसेवकांनी २००४ पासून सेंटओएस उभी केली. काम जवळपास तेच, वर्गणी शून्य. जगभरच्या वेबसाइट, विद्यापीठं, लहानमोठे उद्योग तिच्यावर चालले. २०१४ मध्ये रेड हॅटनेच हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली.

आणि ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली: सेंटओएस ८ ची साथ २०२९ पर्यंत मिळेल असं सगळे धरून चालले होते, ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. ज्यांनी नुकतेच सर्व्हर त्यावर नेले होते, त्यांच्या डोक्याला हात लागले. म्हणजे 'फुकट आहे, काळजी नाही' हे खरं नाही. सूत्रं कुणाच्या हातात आहेत, ते बघावंच लागतं.

पण पुढचं ऐका. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्स सुरू केली. क्लाउडलिनक्स कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स आली. २०२१ च्या जूनपर्यंत दोन्ही वापरायला तयार होत्या. एका कंपनीने दार लावलं, तर दुसऱ्या लोकांना त्याच कोडवर नवं घर बांधता आलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते. तिथे मालक म्हणेल ती पूर्व दिशा.

आता आपल्या पतसंस्थेकडे येऊ. सेंटओएस ७ आली २०१४ मध्ये, आणि तिची साथ संपली ३० जून २०२४ ला. ही तारीख कित्येक वर्षं आधीपासून जाहीर होती. त्या दिवसानंतर सुरक्षेचे पॅच येणं बंद. सर्व्हर मात्र सुरूच राहतो, खातेपुस्तक छापतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. धोका आहे, हे शंभर टक्के खरं. पण तो मोफत असल्याचा नाही, तो मुदत संपल्याचा आहे. विकतच्या विंडोज सर्व्हर २०१२ ची नेहमीची साथसुद्धा १० ऑक्टोबर २०२३ ला संपलीच की! पैसे भरले म्हणून एक्सपायरी चुकत नाही.

खुल्या कोडमध्ये चोर शिरत नाही असंही नाही. एक्सझेड नावाच्या छोट्याशा साधनात कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरून, विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने खोदत खोदत मूळ शोधलं, आणि बहुतेक प्रॉडक्शन सर्व्हरपर्यंत पोचण्याआधी भानगड उघडी पडली. कोड उघडा होता, म्हणून बाहेरच्या माणसाला खोदता आलं. पण कुणीतरी बघत होतं, हेही तितकंच महत्त्वाचं.

आपल्याकडे नेमकं तेच नसतं. सर्व्हर बसवताना फोटो, नारळ, बातमी. पुढे पॅच कोण टाकतो? 'तो पोरगा येतो अधूनमधून.' त्याला पगार किती? गप्प. प्रणालीचे वाचलेले पैसे माणसावर खर्च करायचे असतात, हा हिशेबच कुणी मांडत नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. तेव्हा दर्जाचा वाद संपलेला आहे. विकतचं घेऊच नका, असंही मी म्हणत नाही. तुमचं बँकिंग सॉफ्टवेअर ठरावीक सिस्टीमवरच चालत असेल, किंवा रात्री दोनला हक्काने फोन करायला कुणीतरी हवं असेल, तर वर्गणी भरणं शहाणपणाचंच. फक्त कारण खरं लिहा. आणि ज्या कंपनीचं कोटेशन आहे, तिनेच धोक्याचा अहवाल लिहून द्यायचा, हे बरोबर नाही.

सभेला जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. सध्याच्या सिस्टीमची साथ कोणत्या तारखेपर्यंत आहे? शेवटचा पॅच कधी टाकला? बॅकअप वेगळ्या जागी आहे का, आणि तो परत चालू करून कधी पाहिला? हे काम करणाऱ्याशी लेखी करार आहे का?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ठेवी आपल्या आहेत, तेव्हा विचारायला लाजू नका.